गुगलच्या हिशोबात पुरुषांचा पगार कमी निघाला, मग महिलांसोबत ११.८ कोटी डॉलरची तडजोड का झाली?

मार्च २०१९ मध्ये अमेरिकेतून एक बातमी आली आणि अनेकांनी ती दोनदा वाचली. बातमी होती गुगलच्या पगारांची.

एकाच कामासाठी कुणाला स्त्री आहे, पुरुष आहे किंवा अमुक वंशाचा आहे म्हणून कमी पैसे तर मिळत नाहीत ना, हे तपासायला गुगल दरवर्षी कर्मचाऱ्यांच्या पगाराचा आढावा घेतं. त्या वर्षी आढाव्यातून निघालं उलटंच. 'लेव्हल ४' च्या सॉफ्टवेअर इंजिनिअर्समध्ये, म्हणजे कंपनीतल्या एका भल्यामोठ्या गटात, महिलांच्या तुलनेत पुरुषांना कमी पैसे मिळणार होते. मॅनेजर लोकांना स्वतःच्या मर्जीने वाटण्यासाठी जी जादा रक्कम दिली जाते, ती या गटात महिलांच्या वाट्याला जास्त आली होती. पूर्ण आढाव्यानंतर गुगलने १०,६७७ कर्मचाऱ्यांच्या पगारात मिळून ९७ लाख डॉलरची दुरुस्ती केली. त्यात पुरुषांच्या वाट्याला मोठी रक्कम गेली.

आता गंमत बघा. याच गुगलवर सप्टेंबर २०१७ पासून एक खटला चालू होता. कंपनी महिलांना पुरुषांपेक्षा कमी पगार देते, असा आरोप काही माजी महिला कर्मचाऱ्यांनी केला होता. जून २०२२ मध्ये गुगलने हा खटला ११.८ कोटी डॉलर देऊन मिटवला. कॅलिफोर्नियातल्या साधारण १५,५०० महिलांना ही तडजोड लागू झाली. गुगलने आरोप मान्य केले नाहीत, पण पैसे द्यायचं कबूल केलं.

कंपनी एकच, तिचे पगार तेच. मग एका हिशोबात पुरुषांवर अन्याय आणि दुसऱ्या हिशोबात महिलांवर, असं कसं? कुणीतरी आकडे फिरवले का?

तसं म्हणायची गरज नाही. दोन्हीकडच्या हिशोबांमागे संख्याशास्त्रातलं एकच हत्यार होतं, मल्टिपल रिग्रेशन. ते समजलं की हे कोडंही सुटतं. कंपन्यांचा नफा, ग्राहकांच्या सवयी, कर्मचाऱ्यांची कामगिरी यावरच्या 'अभ्यासातून असं समोर आलंय' छापाच्या अनेक बातम्यांच्या मागेही हेच हत्यार असतं.

मल्टिपल रिग्रेशन म्हणजे नेमकं काय?

समजा, एका कंपनीत पुरुषांचा सरासरी पगार महिलांपेक्षा वर्षाला ३ लाखांनी जास्त आहे. हा भेदभाव आहे का? लगेच सांगता येणार नाही. कदाचित पुरुषांचा अनुभव जास्त असेल.

मग आपण अनुभव बघतो. पुरुषांचा सरासरी अनुभव ४ वर्षांनी जास्त निघतो. या कंपनीत एका वर्षाच्या अनुभवामागे पगार साधारण ५० हजारांनी वाढतो असं धरू. म्हणजे ३ लाखांपैकी २ लाखांचा फरक अनुभवाने समजला. उरला १ लाख. आता प्रश्न या १ लाखाचा.

हे झालं एका कारणाचं. प्रत्यक्षात पगार अनुभवावर, शिक्षणावर, शहरावर, कामाच्या प्रकारावर आणि अप्रेझलमध्ये मिळालेल्या रेटिंगवरही ठरतो. ही सगळी कारणं एकमेकांत गुंतलेली असतात. जास्त शिकलेला माणूस मोठ्या शहरात असतो, मोठ्या शहरातल्या ऑफिसमध्ये कामाचा प्रकार वेगळा असतो. हा गुंता सोडवून प्रत्येक कारणाचा वेगळा वाटा काढायचा, हे मल्टिपल रिग्रेशनचं काम.

त्यासाठी एक समीकरण मांडलं जातं. सोप्या भाषेत ते असं दिसतं :

पगार = मूळ आकडा + (अ × अनुभवाची वर्षं) + (ब × शिक्षणाची वर्षं) + (क × रेटिंग) + (ड × स्त्री असेल तर १, पुरुष असेल तर ०) + उरलेला फरक

यातले अ, ब, क, ड म्हणजे सहगुणक. ते कुणी मनाने ठरवत नाही. हजारो कर्मचाऱ्यांची माहिती कॉम्प्युटरला दिली जाते. समीकरणातून आलेला पगार आणि खरा पगार यांतला प्रत्येकाचा फरक काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि या सगळ्या वर्गांची बेरीज कमीत कमी येईल असे सहगुणक शोधायचे. याला 'लीस्ट स्क्वेअर्स' म्हणतात. ही पद्धत फ्रेंच गणितज्ञ लजांद्र यांनी १८०५ मध्ये प्रसिद्ध केली होती. तेव्हा ती धूमकेतूंच्या कक्षा काढायला वापरली गेली.

आपल्या प्रश्नाचं उत्तर 'ड' मध्ये असतं. समजा 'ड' आला उणे १ लाख. याचा अर्थ, अनुभव सारखा, शिक्षण सारखं, रेटिंग सारखं असलेल्या स्त्री आणि पुरुषात स्त्रीला सरासरी १ लाख कमी मिळतात. 'बाकी सगळं सारखं असताना' हे या पद्धतीचं बलस्थान आहे. पण 'बाकी सगळं' मध्ये काय काय धरायचं, हे समीकरण सांगत नाही. ते माणूस ठरवतो. सगळी भानगड तिथेच सुरू होते.

हे हत्यार माणसांवर पहिल्यांदा कुणी चालवलं?

'रिग्रेशन' म्हणजे मागे येणं. इंग्लंडच्या फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास मांडला. खूप उंच आईवडिलांची मुलं उंच असतात, पण सरासरीच्या थोडी जवळ सरकतात, असं त्यांना दिसलं. या सरकण्याला त्यांनी रिग्रेशन म्हटलं आणि ते नाव पुढे पूर्ण पद्धतीला चिकटलं.

अनेक कारणं एकत्र घेऊन समाजाच्या प्रश्नावर ही पद्धत वापरण्याचा गाजलेला सुरुवातीचा प्रयत्न केला उडनी यूल या संख्याशास्त्रज्ञाने, १८९९ मध्ये. इंग्लंडमध्ये तेव्हा गरिबांना सरकारी मदत दोन प्रकारे मिळायची. एकतर 'वर्कहाऊस' मध्ये जाऊन राहायचं, किंवा घरीच राहून मदत घ्यायची. घरपोच मदत दिली की गरिबांची संख्या वाढते का, असा वाद होता. यूल यांनी १८७१, १८८१ आणि १८९१ ची आकडेवारी घेतली. लोकसंख्या आणि वृद्धांचं प्रमाण यांचा वाटा वेगळा काढला आणि घरपोच मदतीचं प्रमाण व मदतीवर जगणाऱ्यांचं प्रमाण यांचा संबंध असल्याचं दाखवलं.

पण याच लेखात त्यांनी एक तळटीप टाकली होती. जिथे 'यामुळे झालं' असं लिहिलंय, तिथे काटेकोरपणे 'याच्याशी संबंधित आहे' असं वाचावं, अशा आशयाची.

ही तळटीप का महत्त्वाची होती, हे अर्थतज्ज्ञ आर्थर पिगू यांच्या टीकेतून कळतं. त्यांचा मुद्दा साधा होता. ज्या भागाचा कारभार चांगला, तिथले अधिकारी घरपोच मदतही कमी करतात आणि गरिबी कमी करणाऱ्या इतर गोष्टीही करतात. मग गरिबांची संख्या घटली ती मदत कमी केल्याने की चांगल्या कारभाराने? कारभाराचा दर्जा आकड्यात मोजलेलाच नव्हता. जे मोजलं नाही ते समीकरणात नाही, आणि त्याचं श्रेय किंवा दोष दुसऱ्याच कारणाच्या नावावर जमा होतो.

कोर्टात हा वाद कसा पोहोचला?

अमेरिकेत १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे 'बेझमोर विरुद्ध फ्रायडे' हा खटला आला. नॉर्थ कॅरोलिनाच्या कृषी विस्तार सेवेत कृष्णवर्णीय आणि गोऱ्या कर्मचाऱ्यांच्या शाखा १९६५ पर्यंत वेगळ्या होत्या. त्या एकत्र झाल्यावरही पगारातली जुनी तफावत पूर्ण गेली नव्हती. कर्मचाऱ्यांच्या बाजूने रिग्रेशनचा हिशोब मांडला गेला. पद, शिक्षण आणि नोकरीची वर्षं सारखी असूनही कृष्णवर्णीय कर्मचाऱ्याला १९७४ मध्ये वर्षाला सरासरी ३३१ डॉलर आणि १९७५ मध्ये ३९५ डॉलर कमी मिळत होते.

खालच्या कोर्टांनी हा पुरावा बाजूला ठेवला होता. कारण, पगारावर परिणाम करणारी प्रत्येक गोष्ट त्यात धरलेली नव्हती. सुप्रीम कोर्टाने हे मान्य केलं नाही. मोजता येण्यासारखी प्रत्येक गोष्ट समीकरणात नसली म्हणून पुरावा निकामी होत नाही, महत्त्वाची कारणं धरली असतील तर तो विचारात घ्यावा लागेल, असं कोर्टाने म्हटलं. अमुक गोष्ट धरली नाही म्हणून उत्तर चुकलं असं म्हणायचं असेल, तर ती धरल्यावर उत्तर बदलतं हे दाखवा.

तेव्हापासून नोकरीतल्या भेदभावाच्या मोठ्या खटल्यांमध्ये दोन्ही बाजूंचे अर्थतज्ज्ञ आपापली रिग्रेशन घेऊन उभे राहताना दिसतात.

मग गुगलच्या प्रकरणात काय झालं?

बेझमोरमध्ये वाद होता की समीकरणात काहीतरी कमी आहे. गुगलच्या बाबतीत टीका वेगळी होती. समीकरणात एक गोष्ट जास्त आहे, अशी.

गुगल आपल्या आढाव्यात सारखं काम आणि सारखी 'लेव्हल' असलेल्या कर्मचाऱ्यांची तुलना करत होतं. लेव्हल ४ च्या पुरुषाची तुलना लेव्हल ४ च्या महिलेशी. ऐकायला एकदम रास्त वाटतं. पण माणूस लेव्हल ४ ला आला कसा, हा प्रश्न तिथे विचारलाच जात नाही.

खटला भरणाऱ्यांपैकी केली एलिस यांची तक्रार नेमकी हीच होती. त्यांच्या म्हणण्यानुसार २०१० मध्ये त्या गुगलमध्ये लागल्या तेव्हा चार वर्षांचा अनुभव असूनही त्यांना लेव्हल ३ दिली गेली. ही लेव्हल साधारणपणे कॉलेजमधून नुकत्याच बाहेर पडलेल्यांना मिळते. काही आठवड्यांनी, त्यांच्याच वर्षी पदवी घेतलेला एक पुरुष इंजिनिअर त्याच टीममध्ये थेट लेव्हल ४ वर आला.

आता एका काल्पनिक कंपनीचा हिशोब करून बघू. १०० पुरुष, १०० महिला, सगळ्यांचा अनुभव आणि शिक्षण सारखं. लेव्हल ३ ला १० लाख पगार, लेव्हल ४ ला १५ लाख. एकाच लेव्हलमध्ये स्त्री-पुरुष असा एक रुपयाचाही फरक नाही. फक्त नोकरीवर घेताना ७० पुरुषांना लेव्हल ४ मिळाली आणि ३० जणांना लेव्हल ३. महिलांचं उलट, ३० जणींना लेव्हल ४ आणि ७० जणींना लेव्हल ३.

पुरुषांचा सरासरी पगार येतो साडेतेरा लाख, महिलांचा साडेअकरा लाख.

समीकरणात अनुभव आणि शिक्षण धरलं, तर 'ड' येतो उणे २ लाख. महिलांना दोन लाख कमी. त्याच समीकरणात लेव्हल धरली, तर 'ड' येतो शून्य. भेदभाव गायब!

गणित दोन्हीकडे बरोबर आहे. पण प्रश्न दोन वेगळे आहेत. पहिला प्रश्न, सारख्या लायकीच्या स्त्री आणि पुरुषाला सारखे पैसे मिळतात का? दुसरा प्रश्न, सारख्या खुर्चीत बसल्यावर सारखे पैसे मिळतात का? खुर्ची देतानाच हात आखडता घेतला असेल, तर दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात ते कधीच दिसणार नाही. जी गोष्ट स्वतःच भेदभावातून आलेली असू शकते, ती 'सारखी' धरली की भेदभाव तिच्या मागे लपतो. संख्याशास्त्रात याला 'बॅड कंट्रोल' म्हणतात.

याची दुसरी बाजूही आहे. लेव्हल वगळली की काम आणि जबाबदारीतला खरा फरकही वगळला जातो. जास्त जबाबदारीच्या पदाला जास्त पगार असणारच. त्यामुळे 'लेव्हल धरूच नका' हे सरसकट उत्तर होत नाही. लेव्हल कशी ठरली, हे वेगळं तपासावं लागतं.

महिलांच्या बाजूने अर्थतज्ज्ञ डेव्हिड न्यूमार्क यांनी केलेल्या विश्लेषणात सारख्या स्थितीतल्या पुरुषापेक्षा महिलेला वर्षाला सुमारे १६,७९४ डॉलर कमी मिळत असल्याचं म्हटलं होतं. मे २०२१ मध्ये कोर्टाने सगळ्या महिलांच्या वतीने एकत्रित खटला चालवायला परवानगी दिली आणि वर्षभरात तडजोड झाली. तडजोडीतली एक अट इथे मोलाची आहे. नवीन माणसाला कोणती लेव्हल द्यायची हे गुगल कसं ठरवतं, ते एका स्वतंत्र तज्ज्ञाने तपासायचं. म्हणजे पैशांसोबत समीकरणातली ती लपलेली जागाही उघडावी लागली.

मग ही पद्धत भरवशाची आहे की नाही?

कशासाठी वापरता त्यावर ते ठरतं.

प्रिन्स्टन विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ ऑर्ली अॅशेनफेल्टर यांचं उदाहरण घ्या. फ्रान्सच्या बोर्दो भागातली वाइन मुरायला अनेक वर्षं लागतात. कोणत्या वर्षाची वाइन पुढे महाग होईल, हे चाखणारे तज्ज्ञ सांगायचे. अॅशेनफेल्टर यांनी १९५२ ते १९८० मधल्या २७ हंगामांच्या वाइनचे भाव घेतले आणि फक्त चार गोष्टी समीकरणात घातल्या : वाइनचं वय, द्राक्षं वाढतानाचं तापमान, काढणीच्या तोंडावर पडलेला पाऊस आणि त्याआधीच्या हिवाळ्यातला पाऊस. भावांमधल्या चढउताराचा सुमारे ८३ टक्के भाग एवढ्यावरच समजावता आला. काढणीच्या वेळचा पाऊस घात करतो, हे नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदाराला वेगळं सांगायला नको, पण इथे तो घात आकड्यात मोजला गेला.

प्रसिद्ध समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी या प्रकाराची टर उडवली. अॅशेनफेल्टर यांनी मात्र १९८९ आणि १९९० ही दोन्ही वर्षं उत्कृष्ट ठरतील असं सांगितलं आणि पुढे दोन्ही वर्षं नावाजली गेली.

वाइन आणि पगार यांत फरक काय? ऊन-पाऊस कुणाच्या मर्जीने ठरत नाही. कर्मचाऱ्याची लेव्हल, रेटिंग, बढती मात्र माणसंच ठरवतात. जिथे कारणंही माणसांच्या वागण्यातून येतात, तिथे समीकरण जास्त सांभाळून वाचावं लागतं. शिवाय, नुसता अंदाज बांधायचा असेल तर आकडा बरोबर आला की काम झालं. कुणाला दोष द्यायचा किंवा कुणाचं धोरण बदलायचं असेल, तर तो आकडा का आला हेही कळायला हवं.

पुढच्या वेळी अशी बातमी वाचताना काय बघाल?

'आमच्याकडे महिलांना पुरुषांइतकाच पगार मिळतो' असं एखाद्या कंपनीने म्हटलं, किंवा 'घरून काम करणाऱ्यांची कामगिरी खालावते' असा दावा एखाद्या अहवालात आला, तर हे चार प्रश्न विचारा.

१. काय काय सारखं धरलं? काहीच धरलं नसेल तर तो नुसता सरासरीचा फरक आहे. ब्रिटनमध्ये २०१७ पासून २५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना असा सरासरीचा फरक जाहीर करावा लागतो.

२. काय राहून गेलं? कारभाराचा दर्जा, घरची जबाबदारी, वरिष्ठांशी जवळीक अशा गोष्टी मोजायला अवघड असतात, पण परिणाम करतात.

३. जे सारखं धरलं, ते स्वतः कुठून आलं? लेव्हल, रेटिंग आणि बढती इथे येतात.

४. किती जणांवरून काढलं? १२ जणांच्या टीमवरून निघालेला फरक योगायोगही असू शकतो.

आपल्याकडेही थोडी माहिती आता उघड होते. २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० लिस्टेड कंपन्यांना सेबीच्या 'बीआरएसआर' अहवालात स्त्री आणि पुरुष कर्मचाऱ्यांचा मध्यक पगार वेगवेगळा द्यावा लागतो. मध्यक म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधला. हा आकडा कंपनीच्या वार्षिक अहवालात असतो आणि तो कुणालाही वाचता येतो.

त्यात अनुभव, काम, लेव्हल असं काहीच वेगळं काढलेलं नसतं. त्यामुळे एवढ्यावरून भेदभाव झाला किंवा झाला नाही, असं म्हणता येत नाही. पण तुम्ही अशा कंपनीत नोकरी करत असाल आणि दोन आकड्यांत मोठी दरी दिसली, तर एचआरकडून 'एकाच लेव्हलला आम्ही सारखाच पगार देतो' असं उत्तर येण्याची शक्यता आहे. ते उत्तर खरंही असेल. त्यावर विचारायचा पुढचा प्रश्न आता तुम्हाला माहीत आहे : लेव्हल कोण ठरवतं, आणि कशावरून?